वरून गाव दिसत नाही

कोणाच्याही घरी पाण्याचा पेला पुढं आला की सर आधी विचारायचे, "किती फुटांवरचं?"

यजमान बहुतेक वेळा खूश व्हायचा. आमच्या यावल-फैजपूरकडे बोअर किती खोल गेली हे माणूस मुलीला दहावीत मिळालेल्या टक्क्यांसारखं सांगतो. "सातशे वीस, सर!" मग सर पेला दोन्ही हातांत धरायचे, पाण्याकडे थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "फार म्हातारं पाणी आहे. आपल्या खापरपणज्याच्याही आधी पडलेलं असेल. बसून प्या." उभे असलेले लोक ओशाळून खाली बसायचे. सर पेला संपवायचे, उपडा घालायचे आणि चहा न घेता निघून जायचे.

मी धुळ्याची. भूगोल शिकवायला फैजपूरजवळच्या एका कॉलेजात लागले, तेव्हा सर तिथं पदार्थविज्ञान शिकवत होते आणि निवृत्तीला त्यांची थोडीच वर्षं उरली होती. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये भरल्या सभेत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमचं वजन किती?"

एका बाईंनी डोक्याला हात लावला.

"तसं नाही," सर शांतपणे म्हणाले, "धुळ्यात जेवढं भरत असेल त्यापेक्षा इथं किंचित वेगळं भरेल. फरक इतका लहान की कुठल्याच काट्यावर दिसणार नाही, पण आहे. खालची जमीन जेवढी भरलेली, तेवढी ती आपल्याला धरून ठेवते. इथं खालचं पाणी आपण उपसून टाकलंय. जमीन आपल्याला पूर्वीइतकं धरत नाही."

त्या वाक्यावरून मुलांनी त्यांना 'हलके सर' हे नाव ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "बरोबर आहे," म्हणायचे, "तालुक्याबरोबर मीही होतोय."

अंगानं ते खरंच काटकुळे होते. पांढरा शर्ट, त्याच्या खिशावर कायम निळ्या खडूचा डाग, आणि खांद्याला शाळकरी पोरांचं असतं तसं दप्तर. दप्तरात लांबलचक पोलादी टेप, तिच्या टोकाला पितळी वजन. लग्न केलेलं नव्हतं. धुळ्याला एक बहीण होती, तिचा फोन आला की उभं राहून बोलायचे. गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी आल्यावर माझ्या स्कूटरचं मागचं सीट त्यांनी परस्पर स्वतःचं करून टाकलं.

पण त्यांचं खरं मन होतं ते वर फिरणाऱ्या दोन उपग्रहांत. एकाच वाटेवरून, एकामागं एक, दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचं अंतर ठेवून पृथ्वीभोवती धावणारी जोडी. ती फोटो काढत नाही. ती फक्त आपापसातलं अंतर मोजते, केसाच्या जाडीहूनही बारीक. एवढ्यावरून पृथ्वीवर कुठं वजन वाढलं, कुठं घटलं, ते कसं कळतं हे मला पुस्तकात वाचून समजलं नव्हतं. सरांनी ते मैदानावर दाखवलं.

दोन मुलांना एकामागं एक उभं केलं. दोघांच्या हातांत एक रबरी दोरी दिली आणि सांगितलं, मैदानाच्या कडेनं सरळ चालत जा, पण मनात काही लपवू नका. कडेला फाटकाजवळ कचोरीची गाडी लागायची. पुढचा पोरगा गाडीजवळ आला तसा आपोआप भरभर चालायला लागला. दोरी ताणली. मग मागच्यालाही वास आला, त्यानंही पाय उचलले. पुढचा गाडी ओलांडून गेला तरी त्याचं मन मागंच अडकलेलं, तो रेंगाळला. दोरी सैल पडली.

"बघा," सर दोरीकडे बोट दाखवून ओरडले, "मी गाडीकडे पाहिलंच नाही. नुसती दोरी पाहिली. तरी मला कळलं की इथं काहीतरी जड आहे! आणि उद्या गाडी नसेल तर दोरी ताणणार नाही. मग मला कळेल की काहीतरी गेलं."

सगळे हसले, कचोरीवालासुद्धा. सरांनी त्या दोन्ही पोरांना कचोरी दिली, स्वतः मात्र तिथंच उभे राहून दोरी गुंडाळत राहिले. "गेलं हे कळतं," पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःशी.

दर महिन्याचे आकडे उतरवून ते नकाशा काढायचे आणि नोटीस बोर्डावर लावायचे. वजन वाढलं तिथं निळा, घटलं तिथं लाल. पोरं त्या नकाशावर परीक्षेचं वेळापत्रक डकवायची. सर ते हळूच काढून शेजारी लावायचे.

एकदा जळगावला एका चर्चासत्रात त्यांनी तो नकाशा दाखवला. बाहेरून आलेला एक तरुण शास्त्रज्ञ होता, फार सभ्य. तो उठून म्हणाला, "सर, या मोजणीला तालुका दिसत नाही. जिल्हाही नीट दिसत नाही. तुमच्या या एका ठिपक्यात सगळा खानदेश, तापीवरची धरणं, शेतातली ओल आणि सातपुड्यापलीकडचा मुलूख, सगळं एकत्र आहे. यावरून तुम्ही एका तालुक्याबद्दल बोलू शकत नाही."

मला वाटलं सर चिडतील. ते म्हणाले, "माहीत आहे. वरून गाव दिसत नाही. म्हणून तर मी गावोगाव विहिरी मोजत हिंडतो." आणि दप्तरातून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. बारा-तेरा वह्या होत्या. जेवणाची सुट्टी झाली होती. त्या तरुणानं एक वही चाळली, दुसरी चाळली, आणि जेवायला न जाता तिथंच बसून राहिला. सरांना मी इतकं आनंदात पुन्हा कधी पाहिलं नाही.

विहिरी मोजायला आम्ही महिन्यातून एका रविवारी जायचो. टेपच्या टोकाला निळा खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची. जिथवर खडू भिजून गडद झाला तिथवर पाणी. सुरुवातीला त्यांच्या यादीत चाळीस विहिरी होत्या म्हणे. मी जायला लागले तेव्हा सोळा राहिल्या होत्या. बाकीच्या बुजल्या होत्या. एकीत कचरा, एकीत केळीची वाळलेली पानं, एकीवर स्लॅब टाकून सभामंडप. कोरडी विहीर ते यादीतून खोडत नसत. तिथंही थांबून टेप सोडायचे आणि वहीत लिहायचे, 'तळ.'

लोक त्यांना ओळखायचे आणि एकच मागायचे. "सर, एवढं मोजता, एक पॉइंट दाखवून द्या ना बोअरला." सरांकडे कॉलेजचं यंत्र होतं, चार खिळे जमिनीत ठोकून वीज सोडायची आणि खाली ओल कुठं आहे ते ताडायचं. त्यांच्याइतकं ते कोणाला येत नव्हतं. पण ते हात जोडायचे. "मी पाणी कमी झालेलं सांगतो. काढायला सांगत नाही." मग लोक तळहातावर नारळ उभा करून हिंडणाऱ्या पाणाड्याकडे जायचे. मला कधी कधी सरांचा राग यायचा. एवढी विद्या, आणि कुणाच्या उपयोगाची नाही.

आमची शेवटची विहीर सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा आदिवासींच्या एका पाड्यावर होती. नऊ-दहा घरं. पावसावरची ज्वारी, थोडी तूर, जंगलातला मोह आणि डिंक, बाकी मजुरी. पाड्याची ती एकच विहीर. तिथं एक बाई होती, पन्नाशीची असेल. आम्ही तिला अक्का म्हणायचो. महिन्यातून एकदा आम्ही मोजायचो, अक्का रोज. दोराला तिनं हात-हाताच्या अंतरावर चिंध्या बांधल्या होत्या आणि कितव्या चिंधीला पाणी लागलं ते तिला तोंडपाठ असायचं. सर तिचा आकडा आधी लिहून घ्यायचे, मग टेप सोडायचे. दोन्ही जुळले की ते माझ्याकडे असं बघायचे जसं काही त्या बाईला त्यांनीच शिकवलंय.

"कायले मोजतस इतलं?" एकदा अक्कानं विचारलं.

सरांनी तिला दोन उपग्रहांचं सगळं सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं. "दोन्ही भाऊ शेतस का?" तिनं विचारलं.

"हो. जुळे," सर म्हणाले.

त्या जोडीची बॅटरी संपली ती सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी. ठरलेल्या आयुष्यापेक्षा ती कितीतरी जास्त जगली होती, पण सरांना ते सांगून उपयोग नव्हता. नवी जोडी वर जायला वर्षभर तरी होतं. सर रजेवर गेले नाहीत, आजारी पडले नाहीत, फक्त नोटीस बोर्डासमोर येऊन उभे राहायचे. शेवटचा नकाशा पिवळा पडला तरी काढला नाही. "आता वरून कोणी बघत नाही, मॅडम," म्हणाले. मला ते थोडं नाटकी वाटलं.

त्याच मधल्या काळात, उन्हाळ्यात, सरांच्या स्वतःच्या गावची पाणीयोजना बंद पडली. गाव फैजपूरच्या उत्तरेला, पाड्याच्या खाली दोन-अडीच किलोमीटरवर. योजनेची बोअर आटली, टँकर तिसऱ्या दिवशी यायला लागला. एका दुपारी गावचा सरपंच वीस-पंचवीस बायकांना घेऊन कॉलेजात आला. तो सरांचाच विद्यार्थी. बायका प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात बसल्या. त्यांत सरांची म्हातारी काकू होती, पोरकेपणात तिनंच त्यांना वाढवलेलं.

"सर, नाई म्हनू नका," सरपंच म्हणाला. "फक्त प्याच्या पान्यासाठी. ठराव करतो, त्याच्यात लिहून देतो."

सर मान खाली घालून बसले होते. काकू उठली, दारात येऊन उभी राहिली.

"तू आभायातून पानी मोजतो म्हने. मंग जमिनीत कुठी हाये, थे सांगाले तुले काय होते? आमी काय केळीले मांगून राह्यलो का? तोंडाले मांगून राह्यलो."

तिसऱ्या दिवशी सरांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणाले, "सर, प्यायलाच तर आहे."

हे वाक्य मी म्हणाले होते. पुढं जे झालं त्यात माझा हात एवढाच, पण एवढा होता.

सरांनी जागा शोधली ती पायथ्याच्या गोट्यांच्या जमिनीत, नाल्याकाठी. डोंगरावरून उतरणारं पाणी तिथंच मुरतं आणि तिथूनच सगळ्या तालुक्याखाली पसरतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तिथून पाड्याची विहीर दिसायची. सरांनी खिळे ठोकले, आकडे घेतले, पुन्हा घेतले, कागदावर खूण केली आणि खाली सही केली. सही करताना एकदा वर पाड्याकडे पाहिलं. "प्यायला किती लागतं?" मला म्हणाले. "एवढ्यानं फरक पडणार नाही."

बोअरची गाडी लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी असं उसळलं की मशीनवाला पळून बाजूला झाला. गुलाल उडाला. काकूनं पाण्यात हात घातला आणि तोच हात सरांच्या डोक्यावर ठेवला. सरपंचानं शाल घातली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं तेव्हा 'हलके सर' खरंच फुलासारखे वर गेले. आयुष्यभर लोक ज्यांना हसत आले, त्यांना लोकांनी त्या दिवशी उचलून धरलं. वरून ते माझ्याकडे बघून हसले. मीही टाळ्या वाजवल्या.

पाऊस झाला, योजना सुरळीत झाली, तशी पाणी उरतंय अशी कुजबुज सुरू झाली. दिवाळीनंतर जलवाहिनीला एक दुसरा फाटा निघाला. मग तिसरा. कोणाच्या बागेत गेला हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ठिबकच्या काळ्या नळ्या पायथ्यापर्यंत चढल्या. मोटर दिवसभर चालायला लागली.

फेब्रुवारीतल्या रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. अक्का विहिरीपाशीच होती. दोन दोर एकमेकांना गाठ मारून जोडलेले.

"दोर पुरत नही, सर. दोन दोर जोडात, तरी बादली दगडवर वाजस."

सरांनी टेप सोडली. वर ओढली. खडू कोरडा. पुन्हा सोडली. दप्तरातून वही काढली, पण लिहिलं नाही. टेप हातात धरून ते कठड्यावर बसले आणि म्हणाले, "अक्का, हे मी केलं."

अक्काला कळलं नाही. सरांनी खाली नाल्याकाठचं मोटरचं खोपटं दाखवलं. ती जागा मी सांगितली, म्हणाले. तिथून पाणी ओढलं की तुझी विहीर खाली जाते. मला माहीत होतं.

अक्का हसली. मोठं माणूस उगाच दोष अंगावर घेतं तेव्हा हसावं तशी. "तुम्हीन काय करं? तुम्हीन त नुसतं मोजतस."

सर तिला पुन्हा सांगायला लागले. तिनं मान हलवली आणि त्यांच्यासाठी घरातून पाणी आणायला गेली. खाली कोणाच्या तरी मळ्यातून डोक्यावर वाहून आणलेलं पाणी. तेवढ्या एका वेळी सरांनी किती फुटांवरचं ते विचारलं नाही. पेला त्यांनी तसाच कठड्यावर ठेवला. मी माझा पेला संपवला, कारण ती समोर उभी होती.

मग सर भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. ग्रामसभेत उभे राहिले, तहसील कचेरीत सतरा खेपा घातल्या. सगळीकडे त्यांच्यासमोर एकच कागद ठेवला जाई. "सर, पॉइंट तुमचाच आहे ना? ही सही तुमचीच ना?" ग्रामसभेत सरपंच फार नम्रपणे म्हणाला, "सर आमचे गुरू हायेत. त्यांच्याच पुण्याईनं गाव पानी पिऊन राह्यलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू पुढंच बसली होती, तिनंही वाजवल्या. तिला पाणी मिळालं होतं, तिचं काय चुकलं? सर भाषण अर्धवट टाकून बाहेर आले आणि माझ्या स्कूटरपाशी उभे राहिले.

मे महिन्यात पाडा उठला. काही घरं गुजरातेत बांधकामावर, काही रस्त्याच्या कामावर मुकादमामागं. अक्का कुठं गेली ते नक्की कळलं नाही. त्याच महिन्यात उपग्रहांची नवी जोडी वर गेली. मी बातमी घेऊन धावत प्रयोगशाळेत गेले. सर कपाट आवरत होते, आठवड्यानं निवृत्त व्हायचे होते.

"सर, नवी जोडी गेली!"

"बघू दे त्यांना," म्हणाले, आणि वह्यांचा गठ्ठा दोरीनं बांधून टेपसकट माझ्यापुढं सरकवला. त्यांनी पुन्हा नकाशा काढला नाही.

ते धुळ्याला बहिणीकडे राहायला गेले. मी माहेरी गेले की भेटायचे. ते अंगणात खुर्ची टाकून बसलेले असायचे. बोलायचे नीट, हवापाण्याचं, बहिणीच्या गुडघ्याचं. विहिरीचं नाव काढलं की उठून आत जायचे.

पुढं एकापाठोपाठ काही पावसाळे चांगले झाले. नकाशा मीच काढायला लागले होते. एका हिवाळ्यात आमचा सगळा मुलूख निळा आला, इतका निळा की मी तो दोनदा तपासला. मूर्खपणानं मला वाटलं, हा त्यांना दाखवला तर ते उठून बसतील. धुळ्याला गेले, कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"भरलंय," म्हणाले.

"हो ना सर!"

"पाड्यावर कोणी आलंय का परत?"

मला माहीत नव्हतं. मी तिकडे गेलेच नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "चला, बघून येऊ."

फैजपूरपर्यंत एसटीनं, तिथून माझ्या स्कूटरवर. विहीर भरली होती. हात घातला तर पाणी लागेल एवढी, हिरवट, शांत. कठड्यावर नवी मोटर बसवलेली आणि जाड काळा पाइप उतारानं खाली केळीत गेलेला. घरांना दारं नव्हती, कोणीतरी काढून नेली होती. अक्काच्या अंगणात एरंड माजला होता. मी माझ्या पिशवीतून टेप काढून सरांच्या पुढं धरली. त्यांनी ती पाहिली आणि मोटरकडे तोंड करून उभे राहिले. मोटर सुरू होती. थोड्या वेळानं म्हणाले, "निघू या."

परतताना त्यांच्याच गावच्या फाट्यावर एका माणसानं हात करून गाडी थांबवली. चाळिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा. "सर ना तुमी? वळखलं नाई का? तुमच्या वर्गाले होतो मी." तो रस्त्यातच त्यांच्या पाया पडला. "सर, देवासारखे भेटले. तीन बोअर कोरडे गेले माह्ये. एक पॉइंट दाखवून द्या ना."

मी गाडी पुढं काढणार होते. सर उतरले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कुठंही मार," म्हणाले. "खाली सगळं एकच पाणी आहे."

"म्हंजे कुठीबी लागीन, सर?"

"लागेल."

तो माणूस भारी खूश झाला. आम्ही निघायच्या आतच त्यानं फोन काढला आणि बोअरवाल्याला सांगितलं, सरानं स्वतः जागा पाह्यली, उद्या सकायीच गाडी लाव.